मेमरी घ्यावी जुळवून

आमच्या भाच्याला कोणी विचारले, "कॉम्प्युटरचं सगळं कुणाकडून शिकलास रे?" तर तो "मामांकडून" असे सांगतो. पोरगा गुणी आहे म्हणून तसे सांगतो. खरी गोष्ट अशी की, मी वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. कॉम्प्युटरचा आणि माझा संबंध म्हणजे परीक्षेचे गुण भरणे आणि हा स्तंभ टाईप करणे, एवढाच. तरी घरातला एम.ए. झालेला माणूस म्हणून विहिरीच्या मोटारीपासून मोबाईलपर्यंत सगळ्याचा सल्ला मला विचारला जातो. आणि मीही कधी 'मला माहीत नाही' असे म्हणत नाही. या सवयीपायी भाच्याला काय सोसावे लागले, ते आज सांगणार आहे. त्यानिमित्ताने, घरी किंवा दुकानात जुळणी केलेला, म्हणजे असेंबल केलेला कॉम्प्युटर असेल तर त्याची मेमरी कशी निवडावी, हेही सांगतो. ते मी थोडे पैसे आणि बरीचशी अब्रू घालवून शिकलो आहे.

आमची अक्का हुलसूरला दिलेली. दाजींची कोरडवाहू शेती. थोरला पोरगा बी.कॉम. झाला आणि त्याने बसवकल्याणात भाड्याच्या गाळ्यात डीटीपीचे दुकान टाकले. आपल्या या भागात लग्नपत्रिका म्हणजे एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पोराला दोन्ही लिप्या येतात, त्यामुळे काम मिळू लागले. मग त्याने लग्नाचे फोटो घेऊन करिझ्मा अल्बम बनवायला सुरुवात केली. कॉम्प्युटर त्याने एकेक सुटा भाग आणून स्वतः जुळवला होता. पैसे दाजींनी सोयाबीनच्या पट्टीतून दिले होते. पण देताना, "एवढ्या पैशात दोन शेळ्या आल्या असत्या की," असे ऐकवूनच दिले होते.

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तुळशीचे लग्न लागले, लग्नसराई सुरू झाली आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडायला लागला. अल्बमचे एक पान उघडले की माऊसचा बाण गोठायचा. पोरगा म्हणाला, "मामा, मशीन चांगली हाय. मेमरी कमी पडतीय. आठ जीबी हाय, अजून आठ पायजे."

इथे एक घोटाळा आधी सोडवू. आपल्याकडे पुष्कळ लोक 'माझ्या कॉम्प्युटरला पाचशे जीबी मेमरी आहे' असे म्हणतात. ती साठवण झाली, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. मेमरी म्हणजे रॅम. स्वयंपाकघरात फडताळ असते आणि ओटा असतो. फडताळात वर्षाचे धान्य मावते, पण पोळ्या लाटायच्या त्या ओट्यावरच. ओटा लहान असेल तर परात ठेवायला पोळपाट उचलावा लागतो, पोळपाट ठेवायला परात. कॉम्प्युटरचेही तसेच. रॅम भरली की तो कामाच्या वस्तू डिस्कवर नेऊन ठेवतो, पुन्हा आणतो, पुन्हा ठेवतो. त्यात वेळ जातो, आणि आपण म्हणतो, हँग झाला. आणखी एक फरक : वीज गेली की ओटा साफ होतो. रॅममध्ये काही शिल्लक राहत नाही.

आता आठ जीबी कमी कशी पडते, तेही पाहू. करिझ्मा अल्बमचे एक पान बारा इंच बाय छत्तीस इंच असते. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाईट धरले तर पानाचा एकच थर ११७ एमबीच्या घरात जातो. मागे नक्षी, वर नवरा-नवरी, कोपऱ्यात मामा-मामी, असे दहा थर केले की एक जीबी ओलांडली. त्यावर विंडोज, फोटोचे सॉफ्टवेअर आणि केलेले काम मागे घेण्यासाठी जपून ठेवलेल्या आधीच्या पायऱ्या. पोराचे म्हणणे बरोबर होते.

तेव्हा मी एका लग्नासाठी हैदराबादला निघालो होतो. म्हटले, मीच आणतो, पैसेही मीच देतो. बसस्टँडवर पोरगा सोडायला आला. बस लागलेली होती. तो म्हणाला, "मामा, ते डीडीआर फोर..." मी पायरीवर पाय ठेवत म्हणालो, "कळतं रे मला." आणि बस सुटली.

सिकंदराबादला पार्कलेनवर चिनॉय ट्रेड सेंटर म्हणून कॉम्प्युटरच्या भागांचा जुना बाजार आहे. मुंबईला लॅमिंग्टन रोड, तसे आपल्या बाजूच्या लोकांना ते. पोराने कॉम्प्युटरचे भाग तिथूनच आणले होते. मी मात्र तिथवर जाण्याचा कंटाळा केला आणि लग्नघराजवळच्याच एका दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारले, "कौनसा होना साब, डीडीआर फोर की फाइव्ह?" मला भाच्याचे शब्द आठवले असते तर काम झाले असते. पण मनात आले, पाच म्हणजे चारपेक्षा चांगलेच असणार. पोराला द्यायचे तर उत्तमच द्यावे. म्हणालो, "लेटेस्ट दो." सोळा जीबीची एक पट्टी, डीडीआर-५, चार हजारांना शंभर कमी. दुकानदाराने बोर्ड कोणता, हे विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

गावी आलो. दुकानात दाजीही आले होते. पोराने पाकीट हातात घेतले, वरची अक्षरे वाचली आणि काही बोलला नाही. मीच मोठ्या हौसेने पाकीट फोडले. त्याने कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, झाकण उघडले. पट्टी खाचेत बसेना. मी म्हणालो, "जरा जोर लाव." त्याने जोर लावला नाही. जुनी पट्टी काढून नवीजवळ धरली आणि मला दाखवले. दोन्हींची लांबी एकच. सोनेरी टोकेही दोन्हीकडे सारखीच दिसत होती. पण खालच्या कडेला मध्यावर जी लहानशी खाच असते, ती दोन्हींची वेगवेगळ्या जागी होती.

ती खाच मुद्दाम तिथे ठेवलेली असते. मेमरीची मानके जेडेक नावाची संस्था ठरवते. डीडीआर-४ चे मानक २०१२ मध्ये आले, डीडीआर-५ चे २०२० मध्ये. दोन्हींना २८८ टोके आहेत. पण डीडीआर-४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर-५ ला १.१ व्होल्ट, आणि टोकांची कामेही वेगळी. चुकीची पट्टी बसून काही जळू नये म्हणून खाच सरकवून ठेवली. त्याआधीच्या पिढ्यांतही असेच होते. डीडीआर-२ आणि डीडीआर-३, दोन्हींना २४० टोके. पण खाच वेगळी, व्होल्ट वेगळे. म्हणून मोजून किंवा लांबीवरून ओळखू जाल तर माझ्यासारखे फसाल. आणि बसत नाही म्हणून जोर लावाल तर पट्टीबरोबर बोर्डही जाईल. माझ्या सांगण्यावरून पोराने जोर लावला असता तर दाजींचे सोयाबीन त्याच दिवशी मातीत गेले असते.

दाजी एवढेच म्हणाले, "मोठं माणूस चुकलं की भरावं बारक्यानं."

आणि तसेच झाले. फोडलेले पाकीट दुकानदार परत घेईना. शेवटी पोरगा स्वतः हैदराबादला गेला, गयावया केली, पाचशे रुपये कापून घेऊन त्याने ती बदलून दिली. या सगळ्यात तीन दिवस गेले. ज्या अल्बमसाठी घाई होती, त्या भालकीकडच्या पाहुण्यांनी वाट पाहिली आणि फोटो उचलून दुसरीकडे दिले. लग्नसराईतले ते पहिले मोठे काम होते. पोराने मला एका शब्दाने दोष दिला नाही. काही दिवसांनी मीच विचारले, "तुला पाकीट बघूनच कळलं होतं ना? मग फोडू का दिलंस?" तो खाली बघत म्हणाला, "तुमी एवढ्या लांबून आणली होती, मामा. आणि दाजी... म्हणजे अप्पा समोर होते." बापासमोर मामाची चूक कशी काढायची, या भिडेपोटी त्याने स्वतःचे नुकसान होऊ दिले. ते ऐकून मला जे वाटले, ते पाचशे रुपयांपेक्षा फार महाग होते.

त्यानंतर मी त्याच्या दुकानात बसून हा विषय विद्यार्थी होऊन शिकलो. जे कळले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आधी बोर्ड वाचा. मेमरीची पिढी प्रोसेसर आणि बोर्ड ठरवतात, आपण नाही. भाच्याचा प्रोसेसर इंटेलच्या दहाव्या पिढीचा आय-थ्री, बोर्ड एच-५१०. त्यात डीडीआर-४ सोडून काही चालत नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत मात्र काही बोर्ड डीडीआर-४ चे, काही डीडीआर-५ चे. प्रोसेसर तोच, पण बोर्डाप्रमाणे मेमरी बदलते. एएमडीचे पाहाल तर एएम-४ बैठकीच्या बोर्डाला डीडीआर-४ आणि एएम-५ ला फक्त डीडीआर-५. बोर्डाचे नाव बोर्डावरच छापलेले असते. झाकण उघडायचे नसेल तर विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, तिथे सापडते. नाव कळले की कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाला कोणती मेमरी चालते, जास्तीत जास्त किती चालते आणि कोणत्या पट्ट्या तपासून पाहिल्या आहेत, याची यादी मिळते.

दुसरी गोष्ट, आकार. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, डेस्कटॉपची लांब. दोन्हींवर 'डीडीआर-४' असेच लिहिलेले असते, म्हणून मागवताना 'डेस्कटॉपसाठी' हे शब्द सांगायला विसरू नका. तिसरा एक प्रकार सर्व्हरचा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी जुन्या बाजारातून फार स्वस्तात सोळा जीबीच्या पट्ट्या आणल्या. खाच जुळली, पट्ट्या बसल्या, पण कॉम्प्युटर सुरूच होईना. त्या 'रजिस्टर्ड' जातीच्या होत्या. मोठ्या सर्व्हरमध्ये त्या चालतात. घरगुती डेस्कटॉप त्यांना ओळखत नाही. फार स्वस्त दिसले की आधी हे विचारावे.

तिसरी गोष्ट, वेग. पट्टीवर २६६६, ३२०० असे आकडे असतात. काही पट्ट्यांवर त्याऐवजी २५६०० असा मोठा आकडा दिसतो. घाबरू नका, ३२०० ला आठाने गुणले की तोच येतो. एका वेळी आठ बाईट जातात म्हणून. डीडीआर-३ च्या १६०० च्या पट्टीवर १२८०० असते, हिशेब तोच. आता भाच्याची जुनी पट्टी २६६६ ची आणि बदलून आणलेली ३२०० ची. दोन्ही एकत्र चालल्या, पण २६६६ ने. बैलगाडीला एक बैल तेज आणि एक संथ जुंपला तर गाडी संथाच्या चालीने जाते, तसे. शिवाय तो आय-थ्री प्रोसेसरच २६६६ च्या पुढे जात नाही. म्हणजे ३२०० साठी जास्त पैसे मोजले असते तरी पदरात काही पडले नसते. उलट जास्त वेगाच्या काही पट्ट्या बसवल्या तरी आपोआप पूर्ण वेगाने चालत नाहीत. बायोसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' चालू करावे लागते, आणि तेही बोर्ड मान्य करत असेल तर.

चौथी गोष्ट, जोडी. सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठच्या दोन बहुतेक वेळा बऱ्या. बोर्डाला मेमरीकडे जायला दोन वाटा असतात. दोन पट्ट्या असल्या की दोन्ही वाटा वाहतात. दोन्ही पट्ट्या एकाच पाकिटातल्या, सारख्या असतील तर उत्तम. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावू नयेत. बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच आधी भरायची असते. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र काढून दिलेले असते. आपण ती पुस्तिका पहिल्याच दिवशी रद्दीत देतो, हा भाग वेगळा.

पाचवी गोष्ट, किती घ्यावी. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट एवढेच असेल तर आठ जीबी पुरते. फोटो-अल्बम असेल तर सोळा, व्हिडिओचे काम असेल तर बत्तीस. जुना कॉम्प्युटर ३२ बिटी विंडोजवर असेल तर चार जीबीच्या वर पैसे घालणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती पद्धत त्यापुढची मेमरी वापरतच नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा किमान ६४ एमबी पुरत होती. तेव्हाच्या गुलबर्ग्यात, आताच्या कलबुर्गीत, आम्ही तासाला पैसे मोजून कॅफेत बसायचो ते तसल्याच यंत्रांवर. २०२१ ची विंडोज ११ किमान चार जीबी मागते, म्हणजे चौसष्टपट. माणसाची भूक वाढावी तशी यंत्राचीही वाढली.

सहावी गोष्ट, बसवल्यावर तपासा. वीज बंद, वायर काढलेली, हात लोखंडी कॅबिनेटला एकदा लावून अंगातली स्थिर वीज उतरवलेली. मग दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायची. नंतर टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' पाहावी. किती जीबी, कोणता वेग, किती खाचा भरल्या, सगळे दिसते. त्या रात्री विंडोजचेच मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ लावून ठेवावे. सदोष पट्टी पहिल्याच दिवशी सापडली तर बदलून मिळते. बिल मात्र जपावे, आणि बोर्डाची खात्री होईपर्यंत पाकीट फोडू नये. हे वाक्य मी दुकानाच्या भिंतीवर लिहून लावायला सांगितले होते, पण पोराने ऐकले नाही. मामाची आठवण रोज नको म्हणाला असेल.

हे सगळे आताच सांगायचे कारण म्हणजे भाव. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकदम चढले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि त्यांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळला. मायक्रॉनने तर 'क्रुशल' नावाने तुमच्या-माझ्यासारख्यांना पट्ट्या विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच ऑक्टोबरात विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला होता, म्हणून जुन्या कॉम्प्युटरांची डागडुजी करणारेही वाढले. माझी चूक २०२३ मध्ये पाचशे रुपयांत भागली. पुढे ती याहून महाग पडली असती.

आपले गाव हे विज्ञानेश्वराचे गाव. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात त्याने इथे याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली आणि वारशाचा कायदा समजावून दिला : बापाची मिळकत मुलाकडे कशी जाते, कोणाचा हक्क किती. वर्गात ते शिकवताना मला हल्ली वाटते, आपल्या घरांतून पैसा अजून वरून खाली येतो, पण या यंत्रांचे ज्ञान खालून वर जाते आहे. पैसा मोठ्यांच्या खिशात, माहिती पोरांच्या डोक्यात. या दोहोंची गाठ पडायची तर मोठ्यांनी बसच्या पायरीवरून एक पाय खाली घ्यायला हवा.

भाच्याचे दुकान आता बरे चालते. सोळा जीबीवर अल्बम सरळ उघडतात. गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांनी मला विचारले, "सर, घरच्या कॉम्प्युटरला मेमरी टाकायचीय, कोणती घेऊ?" माझ्या तोंडात उत्तर तयार होते. पण मी म्हणालो, "मला माहीत नाही. आधी बोर्डाचं नाव बघून या, मग आमच्या भाच्याला विचारू." ते दोघे दुकानात बोलत होते तेव्हा दाजी बाकावर बसून ऐकत होते. सहकारी गेल्यावर दाजींनी पोराकडे बघत मला विचारले, "शेळ्या घेतल्या नाही ते बरं केलं म्हणायचं का?"

मी म्हणालो, "त्यालाच विचारा."